छगनच्या तोंडाला सुटलेलं पाणी

पाथर्डी तालुक्यात यात्रेच्या कुस्त्या म्हटलं की माईक छगन गर्जेच्याच हातात असायचा. पहिलवानाचं गाव, वस्ताद, डाव, सगळं तो तीन-तीन तास न थांबता सांगायचा. पन्नाशीत त्याच्या घशात, उजव्या टॉन्सिलला कॅन्सरची गाठ निघाली.

नगरच्या दवाखान्यात डॉ. मधुवंती म्हणाल्या, "रेडिएशनच्या किरणांनी गाठ जाईल. पण त्यात लाळेच्या ग्रंथी जळून लाळ आटली तर गिळणं, बोलणं अवघड होतं. दातही किडतात."

अशीच किरणं घेतलेल्या गावातल्या एकाला छगननं पाहिलं होतं. पाण्याचा घोट घेतल्याबिगर त्याला दोन वाक्यं बोलता येत नव्हती.

शेजारी बसलेल्या आरतीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "गाठ उजवीकडं हाय न्हवं? मग डावी बाजू कशाला जाळायची?"

डॉक्टर हसल्या. "तेच करायचंय. डाव्या कानाखालची लाळेची ग्रंथी जमेल तेवढी वाचवू. गाठीचा कण सुटता कामा नये, हे पहिलं. नेमकी आखणी करायला आठवडा लागेल."

"आठवडा? उद्याच चालू करा!" छगन उसळला.

"हात मिळवायच्या आधी पहिलवान समोरच्याला जोखतो, आसं तुमीच सांगता," आरती म्हणाली. "आठ दिस थांबू."

त्या आठवड्यात किडलेले दोन दात काढले, तंबाखू कायमची सुटली. मग डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा चढवून तेहतीस वेळा तो मशीनखाली निपचित पडला. तोंड सोलवटलं, चव गेली, नऊ किलो वजन उतरलं. लाळही आटलीच. "येईल हळूहळू," डॉक्टर सांगायच्या. छगनला ते खरं वाटेना.

उपचार संपल्यावर सहाव्या महिन्यात आरती चिंच कोळत बसली होती. छगन एकदम ओरडला, "आरते, डावीकडं पानी सुटलं!" तिनं चिंचेचे हात तसेच तोंडावर धरले आणि ती रडली.

तपासणीत गाठीचा मागमूस नव्हता.

चैत्रातल्या यात्रेत छगननं माईक घेतला. अधूनमधून पाण्याचा घोट घेत तो दोन तास बोलला. आवाज जरा खरखरीत, पण एकही शब्द अडखळला नाही. शेवटच्या कुस्त्यांच्या आधीच दोन पहिलवानांनी त्याला खांद्यावर उचललं, हलगी कडाडली, फेटे उडाले.

छगन माईकवरच गरजला, "आरं खाली ठेवा! अजून चार कुस्त्या बाकी हायत!"