राडोव्हानची ओळ

आमच्या ब्रनोच्या ऑफिसात अॅप्लिकेशन सर्व्हरची नवी आवृत्ती निघाली की द्राहोमिरा जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन यायची. सर्व्हरसोबत जाणारा छोटा डेटाबेस तिच्या नवऱ्याने, राडोव्हानने, एकट्याने लिहिला होता. तो वारल्यावर त्या डेटाबेसला कुणी हात लावला नाही. त्यातल्या भोकांतून चोर शिरू शकत होते, तरी सवयीने आम्ही तो देतच राहिलो.

"मेलेल्याचं सामान किती वर्षं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणार?" शेवटी बैठकीत मीच ओरडलो. बोललो ते खरंच होतं. आम्ही डेटाबेस काढून टाकला.

द्राहोमिराला सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. नवी आवृत्ती निघाली तशी ती आली, कोलाच्यांचं ताट ठेवून माझ्या खुर्चीत बसली. "चालू कर रे, ओताकर."

मी सर्व्हर सुरू केला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. ती चष्मा लावून नेहमीची ओळ शोधत होती, डेटाबेस जागा झाला की यायची ती: 'राडोव्हान हजर आहे.'

सगळ्या ओळी येऊन थांबल्या.

"घरीसुद्धा एका हाकेत कधी उठला नाही मेला," ती हसून म्हणाली. "पुन्हा चालू कर बघू."

मी पुन्हा चालू केला.