चौथं प्रकरण

ओडेसा गॅस्किन गेल्या त्याला सात आठवडे झाले होते. वाचनगटाच्या टेबलाशी त्यांच्या खुर्चीवर आता त्यांची मुलगी लोरेना बसत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची नोकरी होती, गट चालवण्याचं काम मात्र तिने मागून घेतलं होतं. दवाखान्यात आई एवढंच म्हणाली होती, "त्यांना चौथ्या प्रकरणापर्यंत तरी ने."

मिसिसिपीतल्या या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात दर मंगळवारी दुपारी नऊजण जमत, पाच गोरे आणि चार काळे. सध्याचं पुस्तक जिल्ह्याच्या इतिहासाचं, जेमतेम तीन प्रकरणं झालेली. पाळीपाळीने एकेकाने एकेक पान मोठ्याने वाचायचं, असा नियम होता. पण आधी प्रार्थना. प्रार्थनेत कुणीतरी गोरा माणूस वाडवडिलांच्या पापांची क्षमा मागायचा, गटातल्या गोऱ्या मार्जीनबाईंना हुंदका फुटायचा, मग काळ्या मंडळींनी उठून त्यांना जवळ घ्यायचं, कॉफी द्यायची. तेवढ्यात तास संपायचा. नऊ वर्षांत चार पुस्तकं सुरू झाली, संपलं एकही नाही.

"मी येताना खिशात तीन रुमाल आणतो," काळ्या मंडळींतले पर्व्हिस टेट म्हणायचे; ते त्यांच्या चर्चचे डीकन, म्हणजे पाळकांचे मदतनीस, "अन् त्यातला एकही माझ्यासाठी नसतो."

लोरेनाने त्या मंगळवारी सांगून टाकलं, "आजपासून आधी पुस्तक, मग प्रार्थना."

याच कॉलेजातले बायबलचे निवृत्त प्राध्यापक डॉक्टर वेंडेल स्ट्राउड चष्मा काढून म्हणाले, "लोरेना, हे ख्रिस्ती कॉलेज आहे."

"हो ना, डॉक्टर. परमेश्वर तासभर थांबेल. पुस्तकं नऊ वर्षं थांबलीत."

"तुमच्या आईंनी कधी अडवलं नाही आम्हाला," मार्जीनबाई म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या पत्नी.

"तिचा स्वभाव भिडस्त होता. माझा नाही."

डीकन खोकल्यासारखं करून हसले. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. ते आता उठणार, त्यांच्यामागे बाकीचेही जाणार, आणि आईचा गट आपल्या हातून मोडणार, असं लोरेनाला वाटलं. पण बायकोने बाही धरली, म्हणून म्हणा किंवा कशाने म्हणा, ते बसून राहिले.

चौथं प्रकरण सुरू झालं. १९६४ सालचा ईस्टर. याच कॉलेजच्या चॅपलमध्ये उपासनेला आलेल्या अकरा काळ्या तरुण-तरुणींना कॉलेजच्या अध्यक्षांनी दारातून परत पाठवलं होतं. वाचनाची पाळी टेबलाभोवती फिरत गेली आणि अध्यक्षांचं नाव असलेलं पान नेमकं डॉक्टरांच्या वाट्याला आलं. ते नाव त्यांच्या वडिलांचं होतं.

"द्या, मी वाचतो ते," डीकन हळूच म्हणाले.

"नको. पाळी माझी आहे."

डॉक्टरांनी वडिलांचं नाव वाचलं. दारात ते काय बोलले तेही वाचलं, एकही शब्द न गाळता. मार्जीनबाईंनी रुमाल काढला, पण बोट ओळीवरच ठेवलं. मग परत पाठवलेल्यांची नावं आली. तिसरं नाव होतं, "पर्व्हिस टेट."

"हजर!" डीकन म्हणाले.

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग डॉक्टरच हसले, आणि सगळं टेबल हसलं. पुढची नावं त्यांनी हजेरी घेतल्यासारखी खणखणीत वाचली. दहा झाली. अकराव्या जागी छापलं होतं : 'एक मुलगी, नाव माहीत नाही.'

"माहीत आहे," डीकन म्हणाले. "माझ्या डाव्या हाताला उभी होती. ओडेसा."

डॉक्टरांनी लोरेनाकडे पाहिलं. "नऊ वर्षं त्या माझ्या शेजारी बसल्या. कधी बोलल्या नाहीत."

"तुम्ही वाचून इथवर यावं, अशी तिची इच्छा होती," लोरेना म्हणाली.

डॉक्टरांनी पेन काढलं, छापलेली ती ओळ खोडली आणि समासात ओडेसांचं पूर्ण नाव लिहिलं. मार्जीनबाईंनीही लिहिलं. मग नऊच्या नऊ प्रतींत लिहिलं गेलं.

"पुढे चला," लोरेना म्हणाली. "पाचवं कोण वाचतंय?"

पाचवं झालं, सहावं झालं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या मंगळवारी शेवटचं पान होतं, तेव्हा विद्यार्थी भिंतींना टेकून उभे होते, कारण डॉक्टरांनी आपल्या जुन्या वर्गांत जाऊन जाऊन त्यांना बोलावलं होतं. ते पान सगळ्यांनी लोरेनाला दिलं. शेवटची ओळ तिने वाचली आणि अख्खी खोली उभी राहून टाळ्या वाजवू लागली. ओडेसांचा गट एक पुस्तक संपवून मोकळा झाला होता.

"पुढचं जाड घेऊ," डॉक्टर म्हणाले. "सातशे पानांचं."

"अहो डॉक्टर, मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे!" डीकन ओरडले. "जरा हिशेबात घ्या!"

"मग भरभर वाचा," लोरेना म्हणाली, आणि तिने पुढच्या पाळ्यांची यादी त्यांच्यापुढे सरकवली.