चिमूटभर व्हॅनिलिन

गोदावरीअक्का अळणावरजवळच्या खेड्यातून रोज हुबळीला यायच्या. प्लेटिंगच्या कारखान्यात लोखंडी मालावर गंज न चढू देणारा थर बसवायला तो तारेला टांगून जस्त-निकेलच्या द्रावणाच्या टाकीत सोडायचा, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. विद्यानगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दीपाली मॅडम तिथं प्रयोग करायला आल्या, तेव्हा मालकांनी मदतीला अक्कांनाच दिलं.

मॅडमनी दोन छोट्या टाक्यांत तेच द्रावण ओतलं आणि एकीत डबीतली पांढरी पूड टाकली. दोन्हींत एकेक लोखंडी पट्टी सोडली.

"आइस्क्रीमचा वास येतोय की," अक्का म्हणाल्या.

"तोच वास. व्हॅनिलिन. यानं थर बारीक बसतो, गंज उशिरा चढतो म्हणतात. बघू या."

पूड टाकलेल्या टाकीतली पट्टी आरशासारखी चकाकत निघाली. मॅडम खूश झाल्या. अक्कांनी ती पक्कडीत धरून वाकवली. थराचे कपचे उडाले.

"पूड जास्त झाली, मॅडम. चकाकीचं औषध वाढलं की थर कडक होतोय. आमच्या टाकीत पण असंच होतंय."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या वेळी नवं द्रावण केलं आणि पूड निम्म्याहून कमी टाकली. ही पट्टी वाकली, पण थर सुटला नाही.

मग पूड नसलेली आणि पूड असलेली अशा दोन पट्ट्या मिठाच्या पाण्याचं धुकं सोडणाऱ्या पेटीत ठेवल्या. अक्का रोज काचेतून बघायच्या. साध्या पट्टीवर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं, बाराव्या दिवशी तांबडा गंज. दुसरी पंचविसाव्या दिवशी थोडी पांढरट झाली होती, तांबडा ठिपका एकही नव्हता.

"का असं?" अक्कांनी विचारलं.

उत्तर द्यायच्याऐवजी मॅडम त्यांना आणि तशाच दोन ताज्या पट्ट्या घेऊन धारवाडला गेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत पाच हजार पट मोठं करून दाखवणारं यंत्र होतं. पडद्यावर आधी साधा थर आला. खडबडीत ढेकळं, मधे काळ्या फटी. मग दुसरा. नांगरटीनंतर मैंदाची जड फळी फिरवलेल्या रानासारखा सपाट, कणाला कण भिडलेला.

"मीठ-पाणी त्या फटींतून आत शिरतं," मॅडम म्हणाल्या. "कण मोठा व्हायला लागला की ही पूड त्याला चिकटते, वाढू देत नाही. मग शेजारी नवा कण जन्मतो."

"केवढा जाड आहे हा थर?"

"केसाच्या सातव्या हिश्शाएवढा."

अक्का खुर्चीत बसल्या. पडद्यावरची नजर काही हलेना.

"एवढं सगळं त्या टाकीत होतंय? माझ्या हाताखाली?"

"रोज होतं, अक्का."

"आणि कण कुठं थांबायचं ते कोण सांगतंय त्याला?"

मॅडमनी तो प्रश्नही वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेजारी काम करणाऱ्या शांतानं माल धपकन टाकीत सोडला. अक्कांनी तिचा हात धरला.

"सावकाश सोड ग," त्या हळूच म्हणाल्या. "आत काम चाललंय."