उंबरठ्याबाहेरचे शब्द

माही सासू सोजरबाई तोंडाची तिखट, आन मीबी काही गरीब गाय नाई. तिनं एक म्हणावं, मी दोन म्हणावं, असंच आमचं घर चालत आलं. पण दिवाबत्तीच्या वेळेचा तिचा कायदा मी कधी मोडला नाई. त्या वेळी घरात वंगाळ बोलायचं नाई. बोललं की घराची वास्तू 'तथास्तु' म्हणते आन ते खरं होऊन बसते, असं ती म्हणे.

आमचं गाव तेलंगणात, पण मराठी बोलणाऱ्यांचं. माही पोट्टी पूनम पाचवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती. सहावीले तलमडुगुच्या मोठ्या शाळेत गेली, तिथं सगळं इंग्रजीत. मॅडम रोज फळ्यावर नवे शब्द लिहून देत आन अर्थ सांगत तेलुगूत, कारण वर्गातली बाकीची लेकरं तेलुगू. पूनमले बाजारापुरती तेलुगू येते, पुस्तकातली कुठून येईन? तरी घोकायची. शब्द पाठ झाल्याबिगर जेवाले बसायची नाई, इतकी हौस होती तिले.

सांजच्या वेळी ती देवापाशी बसून मोठ्यानं घोके, आन बुढी, माही सासू, चुलीपासून तपासणी करे. हा शब्द चांगला का वंगाळ? चांगला असन तर घरात म्हण, वंगाळ असन तर आंगणात जाऊन म्हण. 'हार्वेस्ट' घरात, 'फीवर' बाहेर. 'ब्लेसिंग' घरात, 'ड्रॉट' बाहेर. माहा नवरा देवानंद हसून हसून लोळे. म्हणे, मा, वास्तूले इंग्रजी कोणं शिकवलं? बुढी म्हणे, तुह्या पोरीले शिकवलं त्यानंच. पूनम बिचारी पुस्तक घेऊन आत-बाहेर करे.

एका सांजेले शब्द आला 'विडो'. मॅडमनं त्याचा अर्थ सांगतला होता 'वितंतुवु'. पूनमले त्याचा काही पत्ता नाई. बाहेर थंडी पडून राह्यली होती, आंगणात जायचा कंटाळा. बुढीनं विचारलं तशी तिनं ठोकून देल्लं, चांगला हाये. आन दिव्यासमोर बसून स्पेलिंगसकट पाठ केला.

त्याच आठवड्यात देवानंद वावरात पाण्याची मोटार चालू कराले गेला आन करंट लागून जागच्या जागी गेला. वायर सोललेली होती, हात ओले होते, हे सगळ्या गावानं पाह्यलं. आणखी काय सांगू मी. माहं तर डोकंच काम करत नव्हतं.

तेरवी झाल्यावर पंचायतीचा सेक्रेटरी घरी आला. तेलुगूत म्हणाला, वितंतु पेन्शनीत तुमचं नाव लावून देतो. मी मान हालवली. पूनम दारात उभी होती. तिनं त्याले विचारलं, वितंतु म्हणजे कोण? त्यानं भल्या मनानं माह्याकडे बोट केलं.

त्या दिवसापासून पोट्टीनं पुस्तक उघडलं नाई. आधी मले वाटलं, बापाचं दुःख हाये, राहू द्या. मग ध्यानात आलं, ती घरात तोंडच उघडत नाई. पाणी मागायचं तरी आंगणात जाऊन मागे. एक दिवस धरलीच मी तिले बखोटीनं. खूप वेळ रडली, मग म्हणाली,

"माय, मी दिव्यासमोर म्हणलं म्हणून बाबा गेला."

माह्या अंगाची लाही झाली. तशीच चुलीपाशी गेली आन बुढीले सगळं सांगतलं. मी ओरडलीच तिच्यावर. वायर उघडी होती हे तुमाले दिसलं ना? मग हे खूळ पोरीच्या डोक्यात तुमी घातलं, आता तुमीच काढा. मले वाटलं, आता बुढी उसळन, नाईतर त्या लेकरालेच बोल लावन, आन मी त्याच्यासाठी तयार होती. पण बुढी चुलीतली लाकडं मागं ओढून बसून राह्यली.

दुसऱ्या सांजेले तिनं दिवा लावला आन आंगणातल्या पूनमले विचारलं, मरणाले इंग्रजीत काय म्हणतात? बुढी विचारतच राह्यली. शेवटी पोट्टी उंबरठ्याबाहेरून हळूच म्हणाली, डेथ.

बुढी दिव्यासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "डेथ. सोजराले डेथ येवो."

पूनम धावत आत आली आन तिनं आजीच्या तोंडावर हात दाबला. बुढीनं तो हात बाजूला केला आन पुन्हा म्हणलं. भेव तर मलेबी वाटलं, कारण बुढी नाटक करून नव्हती राह्यली. तिचा त्या तथास्तुवर पुरा भरोसा होता. मी तिले एकीकडे घेऊन म्हणलं, आत्याबाई, हे काय मांडलं तुमी? काही झालं तर लेकराच्या डोक्यावर दोन मरणं.

"म्हणणारी मी हाये, ती नाई," ती म्हणाली. "खरं निघालं तर मी देवानंदापाशी जाईन. खोटं निघालं तर पोट्टी सुटन."

इतकी वर्षं त्या बाईसोबत भांडली, पण असं काही तिच्या पोटात असन हे मले माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर पूनम उठली आन आजीच्या नाकापाशी हात धरून बसली. बुढीनं डोळे उघडले, म्हणाली, सरक, चूल पेटवू दे. सांजेले बुढीनं पुन्हा तेच म्हणलं, सकाळी पोट्टी पुन्हा उठून पाहे. असं रोज चाललं. हळूहळू पूनम घरात पाणी मागाले लागली. मग भाजी खारट झाली म्हणून कुरकुरली, तेव्हा मले किती बरं वाटलं काय सांगू. कापसाची वेचणी सरत आली तेव्हा एका सांजेले तिनं पुस्तक काढलं आन दिव्यापाशी बसून सगळे शब्द वाचले, एकही न गाळता.

त्याच्या दुसऱ्या सकाळी उजाडून गेलं तरी बुढी अंथरुणात डोळे मिटून पडली होती. मी जवळ गेली तशी तिनं हळूच विचारलं, "पूनम उठली नाई का?"

मी म्हणलं, झोपली हाये, चांगली घोरून राह्यली. आज तुमच्या नाकापाशी हात धराले उठलीच नाई.

बुढीनं गोधडी तोंडावर ओढली. आन देवानंद गेल्यापासून टिपूस न गाळलेली ती बाई पोराचं नाव घेऊन रडाले लागली. मी तिच्याजवळ बसली आन मीबी रडली. पोट्टी जागी होऊ नये म्हणून दोघीबी तोंडात पदर धरून रडलो.