डोळ्यातलं सफरचंद

“सर, तुमच्या डोळ्यातलं सफरचंद कोण?”

प्रश्न यानछिऊच्या तोंडून आला खरा, पण तो तिथे कोंबला होता शिआओमानने. शेजारच्या बाकावरची ही मैत्रीण मधल्या सुट्टीत म्हणाली होती, “हल्ली फार लाऊडस्पीकर झाली आहेस ना, मग विचारून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर माझा गरम पाण्याचा थर्मास तू भरायचास.”

पेई सरांनी लग्न केलं नव्हतं. पन्नाशी उलटली तरी ते शाळेमागच्या खोलीत एकटे राहत, सकाळी नदीकाठच्या गाडीवर तिखट तेलातली तांदळाची शेवई खात आणि वर्गात येत. त्यामुळे अख्ख्या अकरावीला या उत्तराची उत्सुकता होती. त्यात त्या दिवशीचा इंग्रजीचा धडाच डोळ्यांवरच्या वाक्प्रचारांचा होता. सर सांगत होते, “इंग्रजाचं लाडकं माणूस त्याच्या डोळ्यात सफरचंद होऊन बसतं. आपण चिनी लोक त्याला तळहातावरचा मोती म्हणतो. दुसऱ्याचं भलं बघवलं नाही की आपले डोळे लाल होतात, इंग्रजाचे हिरवे होतात. आणि एखादी गोष्ट दिसूनही न दिसल्यासारखी करायची, तर इंग्रज आपला आंधळा डोळा तिकडे फिरवतो. आपण काय करतो?”

“एक डोळा उघडा ठेवतो, एक मिटतो,” वर्ग एका सुरात म्हणाला.

“हां. म्हणजे आपण निदान एक तरी उघडा ठेवतो. परीक्षेत गल्लत करू नका.”

आणि मग यानछिऊचा प्रश्न. वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी खडू खाली ठेवला, मान जराशी खिडकीकडे वळवली आणि शांतपणे म्हणाले, “यानछिऊ, प्रश्न विचारायचा तर उभं राहून विचारावा.”

यानछिऊ उभीच होती.

“सर, मी उभीच आहे.”

क्षणभर सर गप्प झाले. मग म्हणाले, “असं होय. मग वर्षभरात तू काही वाढलेली दिसत नाहीस.”

वर्ग पुन्हा हसला, शिआओमान तर बाकावर डोकं आपटून हसली. यानछिऊही हसत खाली बसली, पण तिला काहीतरी टोचत राहिलं. सरांनी विनोद केला होता हे खरं. पण विनोदाच्या आधी ते क्षणभर का थांबले होते?

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात तोंड उघडत नसे. नाव पुकारलं तरी कानाच्या पाळ्या तापायच्या. पेई सरांनी तिला रोज एक वाक्य उभं राहून बोलायला लावलं, चुकलं तरी चालेल म्हणाले, आणि चुकल्यावर कधी हसले नाहीत. बघता बघता ती इंग्रजीची वर्गप्रतिनिधी झाली, भाषणात तालुक्यात पहिली आली, आणि शिआन शहरातल्या मोठ्या शाळेने तिला नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर घ्यायचं कबूल केलं. मावशी तिथेच राहत होती. आईने तिच्यासाठी जाड रजई शिवायला टाकली होती.

त्या आठवड्यात तिच्या दंडावर लाल पट्टी आली. डोळ्यांच्या व्यायामावर देखरेख करायची पाळी तिची होती. दुसऱ्या तासानंतर शाळाभर लाऊडस्पीकरवर संगीत लागतं, एक बाई संथ आवाजात आकडे मोजतात, आणि सगळी मुलं डोळे मिटून भुवयांच्या टोकाला, नाकाच्या मुळाशी, कानशिलांवर बोटांनी दाबतात. पट्टीवाल्याने व्हरांड्यातून फिरायचं आणि ज्याचे डोळे उघडे दिसतील त्याच्या वर्गाचा गुण कापायचा. इतकी वर्षं यानछिऊनेही त्या संगीतात डोळे मिटलेलेच होते. तेव्हा वर्गात काय चालतं ते तिला ठाऊक असणार कसं?

ती आपल्याच वर्गाच्या दाराशी आली आणि थबकली.

मुलं डोळे मिटून बसली होती. आणि पेई सरही डोळे मिटून चालत होते. उजव्या हाताची बोटं बाकांच्या कोपऱ्यांवरून अलगद पुढे सरकत होती, एक कोपरा सुटला की दुसरा. शेवटच्या रांगेशी ते वळले, दुसऱ्या वाटेने परत आले, टेबलापाशी थांबले आणि न चाचपडता खडू उचलला. मग डोळे उघडले. उघडले तरी त्यांना दारातली यानछिऊ दिसली नाही. ती चार हातांवर उभी होती.

तिने कोणाचाच गुण कापला नाही.

संध्याकाळी ती दुकानात शिरली. शाळेसमोरचं फू चष्मेवाल्यांचं दुकान म्हणजे तिचंच घर, मागे स्वयंपाकघर आणि वर झोपायची खोली. बाबा भिंग घासत होते. आई कोबी चिरत होती.

“बाबा, पेई सरांना दिसत नाही का?”

बाबांनी यंत्र बंद केलं. आईचा सुरा थांबला.

“कोण म्हणालं?”

“कोणी म्हणायला कशाला हवं? मी बघितलं. त्यांचे चष्मे तुम्हीच करता ना? मग तुम्हाला माहीत असणार.”

बाबांनी हात पुसले. “डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय त्यांचा. शिआनच्या डॉक्टरांनी हात टेकले. कडेचं आधीच गेलंय, आता मधलंही चाललंय. माझ्या भिंगाने काही होत नाही, त्यांनाही ते माहीत आहे. दर वर्षी येतात, म्हणतात, अजून जाड करून द्या.”

“आणि तुम्ही देता?”

“देतो. तुमचा वर्ग बारावीतून बाहेर पडेपर्यंत तरी कोणाला कळू नये, एवढंच मागितलंय त्यांनी. शाळेला कळलं तर ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवतील. मग मी एक डोळा मिटला.”

“आईने पण?”

“मी दोन्ही,” आई म्हणाली. “आणि तूही मीट. गावभर लाऊडस्पीकर लावू नकोस.”

यानछिऊने गावभर लावला नाही. फक्त शिआओमानला सांगितलं. शिआओमानने दप्तरातून रुमाल काढला. मग नाक पुसून म्हणाली, “आणि मी हसले. त्या दिवशी मीच सगळ्यात जास्त हसले गं.”

दुसऱ्या दिवसापासून वर्गात एक चमत्कारिक शिस्त आली. बाकांमधल्या वाटेत कोणाचं दप्तर दिसेना. बाकांचे पाय फरशीच्या रेघांना लागून राहू लागले. उत्तर द्यायला उठणारा प्रत्येक जण आधी आपलं नाव सांगू लागला. हे सगळं शिआओमानने घडवलं, कारण सांगून आणि कारण न पटणाऱ्याला धमकावून. मागच्या बाकावरच्या लेई हुईने कुरकुर केली, “मी काय पोलीस ठाण्यात आहे, नाव सांगायला?” तर ती म्हणाली, “सांग, नाहीतर तुझ्या चेहऱ्याचा नकाशा बदलीन.” त्याने सांगितलं.

सरांना हे कळलं असेल का? त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त एकदा, वाटेतून चालताना, ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “ही खोली पूर्वी अरुंद होती.”

महिनाअखेरीला खुला तास ठरला. जिल्ह्याचे अधिकारी, दुसऱ्या शाळांचे शिक्षक, मुख्याध्यापक, सगळे मागे बसून बघणार आणि सरांचं पुढच्या वर्षाचं काम त्यावर ठरणार. सरांनी डोळ्यांचाच धडा निवडला. फळ्यावर यानछिऊने लिहायचं, मुलांनी तोंडी वाक्यं बनवायची. तास असा रंगला की मागच्या पाहुण्यांनीही मान डोलावली. लेई हुई उठला, नाव सांगितलं आणि म्हणाला, “आमच्या सरांना डोक्याच्या मागेही डोळे आहेत.” इंग्रजीत ते चतुर शिक्षकाबद्दल म्हणतातच. सर म्हणाले, “लेई हुई, मागचे डोळे सांगतात की तू च्युइंगगम चघळतोयस.” पाहुणे हसले. लेई हुईने च्युइंगगम गिळला.

तास संपला. पाहुणे उठायच्या आतच लाऊडस्पीकरवर संगीत सुरू झालं. मुलांनी डोळे मिटले, बोटं भुवयांवर नेली. यानछिऊची देखरेखीची पाळी पुन्हा आली होती. ती दंडावरची पट्टी सारखी करून दारात उभी राहिली.

आणि सर चालू लागले. डोळे मिटून, रोजच्यासारखे, कोपऱ्यावरून कोपऱ्यावर. कदाचित सवयीने. कदाचित मनावरचं ओझं उतरलं म्हणून. ही वाट त्यांना पाठ होती. पण वाटेच्या टोकाला आज पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, हे त्यांनी मनात धरलं नव्हतं.

यानछिऊला दिसत होतं. हाक मारायची, तर सगळं उघड. न मारायची, तर खुर्ची. तिच्या घशात शब्द आला आणि तेवढ्यात सरांची नडगी खुर्चीच्या कडेवर आपटली. ते पुढे झुकले, हात एका अधिकाऱ्याच्या खांद्यावर पडला, तिथून निसटला, आणि सर गुडघ्यांवर फरशीवर आले. चष्मा कुठेतरी घरंगळला.

दणका मोठा झाला होता. लाऊडस्पीकरवरची बाई आकडे मोजतच होती.

यानछिऊने वर्गाकडे पाहिलं. एकाही मुलाने डोळे उघडले नव्हते. लेई हुई कानशिलं जास्तच जोराने दाबत होता. शिआओमानच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि तरी ती नाकाच्या मुळाशी दाबत होती. सरांना पडलेलं आपण बघायचं नाही, एवढं त्या सगळ्यांना न सांगता कळलं होतं.

यानछिऊ धावली. चष्मा उचलून तिने त्यांच्या हातात दिला. एक भिंग तडकलं होतं. सर उठले, कोटाच्या बाह्या झटकल्या आणि पाहुण्यांकडे, जरासे डावीकडे बघून म्हणाले, “माफ करा. इथे एरवी खुर्ची नसते. आणि मला आता फारसं दिसत नाही. हे मीच आधी सांगायला हवं होतं.”

संगीत थांबलं. आता नियमाने डोळे उघडायचे. तरी वर्ग तसाच बसून राहिला.

“देखरेख कोणाची आहे आज?” सरांनी विचारलं.

“फू यानछिऊ, सर.”

“किती जणांनी डोळे उघडले?”

“कोणीच नाही.”

सरांनी तडकलेला चष्मा चढवला. “तू सफरचंदाचं विचारलं होतंस. इंग्रज एका डोळ्यात एकच धरतात. हिशेबात कच्चे आहेत ते.” मग वर्गाला म्हणाले, “उघडा आता. पुढचा तास गणिताचा आहे, तो काही मिटल्या डोळ्यांनी सुटायचा नाही.”

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. संध्याकाळी त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, फळ्यावर लिहायला आणि मुलांचे पेपर वाचून दाखवायला रोज कोणी मिळत असेल, तर या वर्गापुरतं, बारावी होईपर्यंत शिकवा. शिक्षकांपैकी कोणी मोकळं नाही. नाही मिळालं, तर सुट्टीनंतर ग्रंथालय. यानछिऊ बाहेर व्हरांड्यातच होती. सर बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, “सर, मी आहे ना.”

“तू शिआनला चालली आहेस,” सर म्हणाले. “या विषयावर आपण पुन्हा बोलायचं नाही.” आणि भिंतीला बोटं लावून जिना उतरून गेले.

रात्रीच्या जेवणाआधी बाबा सरांचा चष्मा दुरुस्त करत होते. जुनं भिंग काढून नवं बसवलं, स्क्रू आवळले, मऊ कापडाने पुन्हा पुन्हा पुसलं. आई वाफाळत्या वाट्या मांडत होती. यानछिऊ समोरच्या स्टुलावर बसून बाबांचे हात बघत होती.

“त्याचा काही उपयोग आहे का, बाबा?”

“नाही.”

“मग?”

“वर्गात जाताना माणसाच्या नाकावर चष्मा नीट हवा.” बाबांनी चष्मा डबीत ठेवला आणि डबी तिच्यापुढे सरकवली. “उद्या सकाळी नेऊन दे. आणि येताना शिंप्याकडून रजई आण, तयार झालीय म्हणाला.”

यानछिऊने डबी दोन्ही हातांत घेतली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, खूप दिवसांनी. मग ती उठून उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सरळ उभी राहिली.

“रजई आणते,” ती म्हणाली. “पण ती वरच्या खोलीतच घाला. आई, बाबा, मी शिआनला जाणार नाही. पेई सरांच्या फळ्यावर बारावीपर्यंत मी लिहिणार आहे.”