केसरीनाथांचं निवाडायंत्र

भिवंडी कोर्टामागच्या गल्लीत सकाळी दहालाच रांग लागली होती आणि ती झेरॉक्ससाठी नव्हती. काल्हेरचे गोदामवाले, मानकोलीचे प्लॉटवाले, शिफ्ट संपवून तसेच आलेले लूमचे दोन कारीगर, सगळे हातात नारळ घेऊन उभे. केसरीनाथांच्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणे निवाडे द्यायचा. आपला तंटा फॉर्मवर लिहायचा, नारळ ठेवायचा आणि अर्धा तास थांबायचं, की आपल्याच तंट्यासारखा पन्नास वर्षांपूर्वीचा हायकोर्टाचा निकाल पडद्यावर हजर. गाव तेच, भांडण तेच, एकदा तर म्हशीचा रंगसुद्धा तोच निघाला होता.

"अपना झगडा होने से पहले ही मशीन में लिखा है, भाई," एक कारीगर दुसऱ्याला सांगत होता.

वकिलांच्या लायब्ररीत चोवीस वर्षं पुस्तकं सांभाळणाऱ्या अनसूयाबाई प्रधानांचं या रांगेने डोकं फिरायचं. वकील कोर्टात जुन्या निकालांचे दाखले देतात. कुठला निकाल, कुठल्या खंडात, कितव्या पानावर, हे टिपून ठेवायचं एक सॉफ्टवेअर असतं. तेच त्यांच्या टेबलावर होतं आणि तेच केसरीनाथांकडे. ती एक वही आहे हो, बाई जो भेटेल त्याला सांगायच्या. आपण लिहू तेवढंच ती दाखवते. वहीला कोणी धूप घालतं का?

गुरुवारी वकिलांचे डबे पोचवणारी तुळजा आली आणि डबे ठेवून तशीच उभी राहिली.

"बाई, रिकामे डबे न्यायला आज उशीर होईल. तीनला रजिस्ट्रारकडं जायचंय. भावाच्या नावानं हक्कसोड करतेय."

अनसूयाबाईंचा चष्मा नाकावर घसरला. विधवा बाई, भाड्याची खोली, पहाटे चारपासून पोळ्या लाटणारी. काल्हेरला वडिलांची विहीर आणि भोवतालची जमीन, तेवढाच तिचा आधार. तिथेही गोदामं सरकत आलेली.

"कोणी सांगितलं तुला?"

"मशीननं." तुळजाने पदराआडून कागद काढला. १९७४, खंड तिसरा, पान २१६. काल्हेरच्या लेकीने बापाच्या विहिरीत हिस्सा मागू नये, मागितल्यास माहेरची चूल विझते, असं माननीय न्यायालय म्हणत होतं.

"अगं, न्यायाधीश चुलीबद्दल कशाला बोलतील?"

"पण विहीर कशी कळली त्याला? जवळचं जांभळाचं झाडपण लिवलंय."

"तू फॉर्मवर लिहिलं होतंस?"

"लिवलं होतं. पण तो फॉर्म तर त्यांनी धूप दाखवून नुसता बाजूला ठेवला."

बाईंनी कपाटातून खंड तिसरा ओढला, धूळ झटकली आणि पान २१६ उघडलं. तिथे सोडावॉटरच्या बाटल्यांवर कर लागतो की नाही, याचा वाद चालला होता. तुळजाने बोट ठेवून दोनदा वाचलं.

"पुस्तक जुनं हाय, बाई. मशीन नवीन हाय."

आता मात्र बाई उठल्या. खंड काखेत, तुळजाचं मनगट हातात, वाटेत एक नारळ, आणि दोघी रांगेत.

दुकानात पडदा म्हणून भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला, त्याला झेंडूची माळ, माउसखाली तांबडं फडकं. केसरीनाथ पूर्वी कोर्टाबाहेर अर्ज टाइप करायचे. आता कपाळभर गंध आलं होतं आणि आवाज बेंबीच्या देठापासून निघत होता.

"मी न्हाय बोलत. मी कोण? यात कायद्याचा आत्मा हाय. सर्व्हर समाधीत हाय. मी आत जाऊन त्याला जागं करतो."

बाईंनी फॉर्म भरला. गणेशपुरीची मावशी वारली, तिचा रामरक्षा म्हणणारा पोपट, दोन मावसभावांत वाद. केसरीनाथांनी तो भक्तिभावाने वाचला आणि आतल्या खोलीत ध्यानाला गेले. ध्यान बरंच टकटक वाजत होतं.

"मंत्र चाललाय," मागचा गोदामवाला कुजबुजला.

"बोटांनी?" बाईंनी विचारलं.

अर्ध्या तासाने टीव्ही उजळला. १९६८, खंड पाचवा, पान ९०. रामरक्षा म्हणणारा पोपट ज्याच्या अंगणात प्रथम बोलला, त्याचाच होय. रांगेने हात जोडले. तुळजानेही जोडले, त्याचं बाईंना फार वाईट वाटलं.

"महाराज, माउसचं दर्शन घेऊ द्या," असं म्हणून त्या वाकल्या आणि केसरीनाथ हं हं करेपर्यंत दोन ठिकाणी क्लिक केलं. हे सॉफ्टवेअर प्रत्येक निकालापुढे तो कधी नोंदवला तेही ठेवतं. केसरीनाथांनी तो रकाना दडवला होता. तो उघडला. पोपटाचा निकाल, साल १९६८, नोंद आजची, सकाळी अकरा बेचाळीस. खाली सोमवार, मंगळवार, बुधवार. पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे निकाल, सगळे याच महिन्यात टाकलेले.

"मला मावशी नाही," बाई वळून म्हणाल्या. "पोपटही नाही. मग हायकोर्टाने न्याय कोणाला दिला?"

"यंत्राला भूतकाळ आजच उमगला," केसरीनाथ म्हणाले. आवाज आता बेंबीपर्यंत पोचत नव्हता.

तेवढ्यात दारात तुळजाचा भाऊ दौलत आला. गाडीची किल्ली बोटात फिरत होती. "ताई, चल लवकर. तीन वाजतील."

बाईंनी सोमवारची, काल्हेरच्या विहिरीची नोंद उघडली. या सॉफ्टवेअरमध्ये निकालाखाली टिपणाची चौकट असते, हा निकाल कशासाठी ठेवला ते वकील तिथे लिहितो. सवय टायपिस्टची, केसरीनाथांनीही गिऱ्हाइकाचं म्हणणं इमानाने लिहून ठेवलं होतं. टीव्हीवर ते हातभर अक्षरांत उमटलं. 'भाऊ दौलत रविवारी आले. हक्कसोड पाहिजे. बहीण भाविक आहे. चूल विझते असे घालणे.'

तुळजाने ते हळूहळू, ओठ हलवत वाचलं. मग दौलतकडे पाहिलं. किल्ली फिरायची थांबली होती.

रांगेत एकच गलका झाला. प्रत्येकाला आपला नारळ परत हवा होता आणि नारळ सगळे सारखे. केसरीनाथ पुन्हा ध्यानाला निघाले, पण कारीगरांनी वाट अडवली.

"ऐका जरा," बाई स्टुलाला धरून म्हणाल्या. "पडद्यावर आलं म्हणून काही खरं होत नाही. ते कोणीतरी टाकलेलं असतं. कोणी टाकलं, कधी टाकलं, एवढं विचारा. दाखला दिला की खंड मागा, पान उघडा आणि स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर माझ्याकडे या, मी वाचून दाखवीन. आणि तुळजा, खरा कायदा ऐक. वडिलार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा मुलाइतकाच असतो."

"ताई, गावात तोंड दाखवायला जागा ठेव," दौलत खाली बघत पुटपुटला. "माहेर तुटंल अशानं. सणाला येशील का न्हाय मग?"

तुळजाचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"येईन की. तुझ्याकडं न्हाय, माझ्या जागेत येईन."