लाकडी मुठीचा की काळ्या मुठीचा

लग्नाचे वय उलटून गेल्यावर मनुष्याने प्रेमात पडू नये असे जे म्हणतात, त्यांनी माझा तो आठवडा पाहिलेला नाही. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकोणीस वर्षे कामास असून माझे वय एकेचाळीस आहे. त्या आठवड्यात मी एका नोंदवहीस दुसरीचा पुठ्ठा चढवला, दोन वेळा पाने उलटी शिवली आणि तरीही दिवसभर शीळ घालीत होतो. कारण असे की, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ज्या बाई आपल्या वह्या बांधून घेण्यास आमच्याकडे येत, त्यांनी माझ्याशी विवाह करण्यास होकार दिला होता. होकारास एक अट मात्र जोडलेली होती.

"माझं हो आहे," त्या म्हणाल्या, "पण दादाचं मन मोडून मला काही करायचं नाही. आईच्या माघारी त्यानंच मला वाढवलंय. शनिवारी तो आपल्याला रानात नेतोय, एक मुक्काम. तो म्हणतो, चार भिंतींत माणूस कळत नाही."

"मी तर चार भिंतींतच बरा दिसतो."

"ते मी बघितलंय. आता त्याला बघू दे. आणि स्वतःचा चाकू आणायचा. मिटणारा नको, मिटणाऱ्या चाकूचा दादाला राग आहे. त्याचा स्वतःचा वीस वर्षांचा आहे. माझ्यापेक्षा त्याचंच कौतुक जास्त करतो."

एवढ्या बोलण्यावरून मी मनात सहा फूट उंचीचा, दाढीवाला, वाघासारखा दादा उभा केला आणि सोमवारी संध्याकाळी हत्यारांच्या दुकानात गेलो.

माझा खिसा पाहता वरच्या फळीकडे मान वर करण्याचे कारण नव्हते. खालच्या फळीवर दोनच चाकू उरले होते. लांबी तीच, जाडी तीच, किंमत तीच. एकाची मूठ लाकडी व पाते कार्बन स्टीलचे. त्यास धार लवकर येते, परंतु ओले राहिल्यास गंज चढतो. दुसऱ्याची मूठ काळ्या रबराची व पाते स्टेनलेसचे. ते गंजत नाही, परंतु धार लावताना हात भरून येतात. लाकडी हातात घेतला की काळा खुणावे आणि काळा घेतला की लाकडी रुसल्यासारखा दिसे. सोमवार गेला, मंगळवारही गेला.

बुधवारी पाहतो तो काय, तेच दोन चाकू दुसऱ्या एका गृहस्थाच्या हातांत. गृहस्थ ठेंगणे, गुळगुळीत दाढी केलेले, कपाळावर घाम.

"तुमचं झालं का बघून?" मी विचारले.

"छे. सकाळपासून दुसरी खेप आहे."

"माझा तिसरा दिवस आहे."

"मग तुम्ही मला सीनियर," ते म्हणाले आणि त्यांनी थोडे सरकून मला जागा दिली.

दुकानाच्या मालकीणबाई गल्ल्यामागे लोकर विणीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "दोघं मिळून एकच घ्या आणि वार वाटून घ्या. मला दुकान बंद करायचंय."

"तुम्ही लाकडी घ्या," गृहस्थ मला म्हणाले, "म्हणजे माझा प्रश्न सुटेल."

"मी हेच तुम्हाला सांगणार होतो."

शेवटी मी खिशातून चामड्याचा तुकडा काढला. पुस्तकाच्या पाठीचे चामडे कडेला तासून पातळ करावे लागते, आणि त्या कामात माझा हात बरा आहे असे सर्व कारखाना म्हणतो. मालकीणबाईंच्या परवानगीने मी दोन्ही चाकू चालवून पाहिले. काळा अडखळला. लाकडी मात्र असा सरकला की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली.

गृहस्थांनी ती साल उजेडात धरली. "हात आहे का यंत्र आहे हो तुमचा," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता दोघांनाही लाकडीच हवा."

"तुम्हाला कशासाठी?"

त्यांनी आवाज खाली आणला. "माझा जुना असाच होता. मागच्या खेपेला ओढ्यात पडला. घरी सांगायची सोय नाही. त्या चाकूच्या जिवावर आजवर मिरवलोय. खरं तर तेल पाजून पाजून कंटाळलोय, म्हणून काळ्याचा मोह होतो. पण मूठ लाकडी नसली तर घरी पकडला जाईन."

मला त्यांची दया आली. ज्याचे मन आनंदाने भरलेले असते त्यास दया फार लवकर येते. "तर मग लाकडी तुमचा," मी म्हणालो. "तुमच्या अब्रूचा प्रश्न आहे. मला फक्त होणाऱ्या बायकोच्या भावावर छाप पाडायची आहे."

"कसा आहे भाऊ?"

"पाहिलेला नाही. शनिवारी रानात नेणार आहे. आपल्यात म्हणून सांगतो, मनुष्य थोडा बढाईखोर असावा. सारखा स्वतःच्या चाकूचं कौतुक सांगतो म्हणे."

गृहस्थांना जोराचा ठसका लागला. मालकीणबाईंनी पाणी दिले. त्यांनी घाईने पैसे ठेवले, चाकू उचलला व माझ्याकडे न पाहता निघून गेले. माझे डोके त्या आठवड्यात ठिकाणावर नसल्यामुळे मला त्यात काहीही वावगे वाटले नाही; मी काळ्याचे पैसे दिले.

शनिवारी सकाळी बसथांब्यावर प्रयोगशाळेच्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी ते ठेंगणे गृहस्थ.

"हा माझा दादा," त्या म्हणाल्या.

मला माझाच 'बढाईखोर' हा शब्द आठवला. "नमस्कार," दादा म्हणाले आणि बसच्या पाटीकडे पाहू लागले. सबंध वाटेत ते खिडकीबाहेरची झाडे मोजीत बसले. मी मनातल्या मनात त्या बाईंच्या वह्या दुसऱ्या कारखान्यात जाताना पाहिल्या.

दुपारी झाडीत थांबलो. चहासाठी विस्तव पेटवायचा होता.

"दादा, तुझा चाकू दे. काटक्या तासते."

दादांनी तो मोठ्या ऐटीने म्यानातून काढला. लाकडी मुठीच्या बुडाशी दुकानाची पांढरी किंमतपट्टी चमकत होती. ती मला दिसली आणि त्याच क्षणी दादांनाही दिसली. त्यांचा चेहरा त्या पट्टीसारखा झाला.

"आधी मला द्या," मी हात पुढे केला. "असा चाकू एकदा हातात घ्यायची फार इच्छा होती."

जुन्या पुस्तकांवरील चिठ्ठ्या काढण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. अंगठ्याची ऊब द्यावी, मग कडेपासून हळूच गुंडाळीत यावे. डिंकाचा डागही राहत नाही. मी मुठीचे तोंड भरून कौतुक करीत होतो तेवढ्यात पट्टी निघाली आणि चाकू बाईंच्या हाती गेला.

"वीस वर्षांत एक ओरखडा नाही, दादा."

"काळजी घेतो मी," दादा म्हणाले. मग प्रथमच त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काटक्या यांना तासू दे. तू यांचा हात बघितला नाहीस."

"तू कुठे बघितलास?"

"अंदाज आहे," दादा म्हणाले.

मी काळा चाकू काढला. तो अडखळला, परंतु मी त्यास चुचकारीत नेले. लाकडाच्या साली कुरळ्या होऊन पडू लागल्या आणि पहिल्याच काडीला विस्तव धरला. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बढाईखोर माणसाच्या घरचा जावई व्हायची तयारी आहे ना, जावईबापू?"

"आहे, दादा."

"कोण बढाईखोर?" बाईंनी विचारले.

"कोणी नाही," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

बाईंनी माझी बाही धरली. पट्टी माझ्या कोपराला चिकटली होती. त्यांनी ती काढून वाचली, एकदा लाकडी मुठीकडे व एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती विस्तवात टाकली.

"चहा इथेच पिऊ," त्या म्हणाल्या. "या खेपेला ओढ्यापासून लांब बसलेलं बरं."

ओढ्याविषयी त्यांना आम्हा दोघांपैकी कोणीही काही सांगितले नव्हते. दादा माझ्याकडे पाहू लागले, मी दादांकडे, आणि त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की चहाचे पाणी निम्मे आटले.